मयताच्या नावाची बाग

कोकणात माणूस मरतो, पण सातबाऱ्यावरून हलत नाही. आमच्या गुहागरच्या आगराचे खातेदार आजोबा. ते वारले १९७४ साली. पण उताऱ्यावर २०२५ पर्यंत सुखाने नांदत होते. नारळ उतरत होते, पोफळीला पाणी लागत होते, सारा वेळच्या वेळी भरला जात होता, आणि या सगळ्याचा कागदोपत्री मालक एक मयत गृहस्थ होता! शेजारच्या आगराची तऱ्हा निराळी. तिथे थोरल्या भावाचे नाव लागले आणि पुढे तीन अक्षरे पडली : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंब केव्हाच फुटले, मॅनेजरही गेले, अक्षरे राहिली.

‘पण यात कुणाचे काय अडले?’ असे वाचक विचारतील. पहिल्या पिढीत कुणाचेच अडत नाही. अडते ते दुसरी पिढी निघून गेल्यावर. बागेसाठी कर्ज हवे असते, कुणाला आपला हिस्सा वेगळा करून हवा असतो, किंवा सरकार जमीन घेते. १९९० नंतरच्या दशकात अंजनवेलच्या वीजप्रकल्पासाठी आमच्याच तालुक्यात जमिनी घेतल्या गेल्या. अशा वेळी नोटीस निघते ती उताऱ्यावरच्या नावाला, आणि मयत माणूस नोटीस घेत नाही, भरपाईही उचलीत नाही.

माझे वडील २०२३ साली वारले. काका त्यांच्या आधीच गेले होते. वडिलांनी साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करून सर्व काही आईला दिले होते. मी डोंबिवलीचा चाकरमानी. चिपळूणला गाडीतून उतरायचे आणि शृंगारतळी, मोडकाआगर करीत एस.टी.ने गुहागर गाठायचे, अशा किती खेपा घातल्या त्याचा हिशोब मी ठेवला नाही.

पहिली अडचण आली एका बँकेत. तिथल्या साहेबांनी मृत्युपत्र उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “प्रोबेट आणा.” प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाची मोहोर. आई घाबरली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तिने जन्मभर ऐकलेले. आमच्या वकिलांनी मात्र शांतपणे समजावले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती केली, ती सर्वत्र नव्हे. मुंबई आणि मद्रास येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत किंवा बंगालच्या जुन्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखात केलेले मृत्युपत्र, किंवा तिथली स्थावर मिळकत, एवढ्यापुरतीच ती होती. गुहागरात केलेल्या, गुहागरच्या मिळकतीच्या मृत्युपत्राला ती कधीच लागू नव्हती. पुढे २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ती सक्तीच काढून टाकली.

सक्ती नाही म्हणून पुरावाही नको, असा अर्थ मात्र कुणी घेऊ नये. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच, आणि वाद कोर्टात गेला तर हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराला उभे करावे लागते. आमच्या दोघांपैकी एक वडिलांच्याही आधी गेले होते. म्हणून माझे सांगणे असे की, साक्षीदार आपल्याहून तरुण निवडावा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. भांडण दिसत असेल तर जिल्हा न्यायालयातून प्रोबेट मागता येते, आणि अशा वेळी ते उपयोगी पडते.

मृत्युपत्रच नसेल तर? बँकेतल्या ठेवी आणि शेअर्स यांच्यासाठी दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र असते. शिवाय आपल्याकडे वारस दाखला म्हणून एक कागद मिळतो. त्याचा आधार आहे मुंबई इलाख्याचा १८२७ चा आठवा रेग्युलेशन, म्हणजे एल्फिन्स्टनच्या अमदानीतला! पेशवाई जाऊन दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाचा कायदा आजही महाराष्ट्रात विधवेच्या आणि मुलांच्या कामी येतो.

शेतजमिनीचा मार्ग याहून सोपा आहे. तंटा नसेल तर कोर्टात जावेच लागत नाही. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यायचे. चौकशी होते, वारसांची नोंद होते, फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात. कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. आता अर्ज ई-हक्कवर घरबसल्याही करता येतो. २०२५ च्या एप्रिलपासून तर सरकारनेच राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयतांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली.

आमचे तीन महिने पन्नास वर्षांपूर्वीच उलटले होते! उशिराची नोंद होते, पण कागद जमवताना दम निघतो. आजोबांचा मृत्यू ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीत शोधावा लागला. थोरली आत्या बेळगावला वारली. तिचा दाखला तिकडून मागवला.

मात्र खरा पेच कागदांचा नव्हता. वंशावळ लिहायला बसलो तेव्हा चुलतभाऊ सहज म्हणाला, “आत्यांची नावे कशाला? नावे वाढली की सह्या वाढल्या. त्यांची लग्ने तर आजोबांनी थाटात करून दिली.” त्याच्या मनात कपट नव्हते. घरोघर असेच चालत आले आहे. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आजोबांच्या वाट्याला मुलगे आणि मुली सारख्याच वारस होत्या. २००५ च्या दुरुस्तीने तर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. वारस असताना प्रतिज्ञापत्रात नाव गाळायचे म्हणजे शपथेवर खोटे बोलायचे. आईने चष्मा काढला आणि एवढेच म्हटले, “त्यांची नावे नसतील तर माझेही घालू नका.”

धाकटी आत्या सावंतवाडीला असते. वय ऐंशीच्या पुढे. मी गेलो तशी तिने पाट मांडला, सोलकढी वाढली आणि विचारले, “हक्कसोडावर सही घ्यायला आलास ना रे?”

मी काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. तीच पुढे म्हणाली, “सोडीन की. पण जे माझ्या नावावर कधी लागलेच नाही, ते सोडू कसे? आधी लावा तर खरे!”

नाव लागले. आई, तिन्ही चुलत भावंडे, धाकटी आत्या आणि थोरल्या आत्याची दोन मुले, अशी सात नावे आज उताऱ्यावर आहेत. आत्याने नवा उतारा डोळ्यांजवळ धरून आपले नाव वाचले, घडी घालून देवघरातल्या पोथीत ठेवला. हक्कसोडाचे तिने पुन्हा काढले नाही, आम्हीही काढले नाही. नारळ उतरले की तिच्याकडे पोते जाते. पूर्वी ते प्रेमाने जात असे, आता हिश्शाने जाते, आणि प्रेम काही कमी झालेले नाही.

सातबारा म्हणजे मालकी नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. नाव लागले म्हणून हक्क निर्माण होत नाही आणि गळले म्हणून बुडत नाही. पण गळलेले नाव परत लावायला पुढच्या पिढीला दावे लढावे लागतात, आणि तोवर खरे काय ते सांगणारी माणसे उरत नाहीत.

म्हणून वाचकहो, भाऊबिजेला घरची मंडळी जमतील तेव्हा फराळाची ताटे बाजूला झाल्यावर एक कोरा कागद घ्या. पणजोबांपासून नावे लिहा. कोण कुठे, कोणत्या साली वारले ते म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. मुलींची, सुनांची नावे सोडू नका. मग उतारा काढून ताडून पाहा. त्यावर एखादे मयत गृहस्थ अजून खातेदार म्हणून बसलेले आढळले, तर त्यांना आता विश्रांती द्या. आणि ओवाळणी घालताना बहिणीला तो कागद एकदा वाचायला द्या.