उन्हाळा, पंगत आणि विषबाधा

वैशाख लागला आणि लग्नतिथी दाट झाल्या की वृत्तपत्रांतून ठराविक साच्याची एक बातमी येऊ लागते. अमुक गावी लग्नाच्या जेवणातून शे-दीडशे वऱ्हाडी मंडळींना विषबाधा झाली, त्यांना ग्रामीण रुग्णालयात दाखल करण्यात आले, सर्वांची प्रकृती स्थिर आहे आणि अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठविण्यात आले आहेत. त्या नमुन्यांचे पुढे काय झाले, हे वाचकाला सहसा कळत नाही. गावात मात्र निकाल त्याच दिवशी लागलेला असतो : भाजीत पाल पडली असावी! आपल्याकडील घरातली पाल विषारी नसते. तिच्या आतड्यात साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात हे खरे. परंतु रटरटत शिजणाऱ्या भाजीत त्यांचा निभाव लागत नाही. खरा अपराधी शोधावयाचा तर कढईपेक्षा घड्याळाकडे आणि तापमापकाकडे पाहिले पाहिजे.

माणसाला आजारी पाडणाऱ्या बहुतेक जंतूंना माणसाच्याच शरीराएवढी, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसची, ऊब सर्वांत अधिक मानवते. ५ अंशांखाली त्यांची वाढ फार मंदावते आणि ६० अंशांच्या वर ती थांबते. अनुकूल स्थितीत एका जंतूचे दोन व्हावयास वीस मिनिटे पुरतात; या हिशेबाने सहा तासांत एकाचे अडीच लाखांहून अधिक होतात. थंडीच्या दिवसांत पातेले लवकर निवते. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यातील मांडवात हवाच ४० अंशांच्या घरात असते, तेथे ते तासन् तास कोमट राहते, आणि कोमट राहणे हेच घातक. त्यातून हे जंतू अन्नाचा वास किंवा चव बदलतीलच असे नाही. बोट लावून चाखणाऱ्या आचाऱ्याला म्हणूनच काही कळत नाही.

बासुंदी, खीर, खव्याची मिठाई यांची कथा तर आणखी वेगळी. हाताला झालेल्या पिकल्या जखमेतून किंवा नाकातून येणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू दुधाच्या पदार्थात वाढला, की तो तेथे विष तयार करतो. नंतरच्या उकळीने जंतू मरतो, विष मरत नाही. 'पुन्हा एक कढ आणला की झाले' हा घरोघरचा समज येथे उपयोगी पडत नाही. दुपारी जेवलेल्यांना संध्याकाळच्या आतच उलट्या सुरू होतात त्या बहुधा यामुळे.

उष्म्याशी असलेले हे नाते मोजलेही गेले आहे. युरोपातील दहा देशांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की त्यांपैकी बहुतेक देशांत साल्मोनेलाच्या रुग्णांत सुमारे ५ ते १० टक्के वाढ होते, असे त्यात आढळले. मात्र इंग्लंड व वेल्समधील नोंदींच्या २००९ सालच्या फेरतपासणीत हेच नाते आधीच्या दशकांपेक्षा सैल झालेले दिसले. मधल्या काळात तेथील कोंबड्यांना साल्मोनेलाविरुद्ध लस टोचली जाऊ लागली होती. याचा अर्थ असा की ऊन कोणाला थेट आजारी पाडत नाही. ऊन आणि आजार यांच्यामध्ये माणसाची व्यवस्था उभी असते. तापमानवाढीने उन्हाळे अधिक कडक होत असताना ही गोष्ट विसरून सारा दोष सूर्यावर टाकणे सोयीचे असले, तरी खरे नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरण पावतात. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्या हवेत ठेवू नये, असे ही संघटना सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर हवा ३२ अंशांवर गेली की ही मुदत एका तासावर आणली आहे. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात मार्च ते मे सारीच दुपार या एका तासाच्या हद्दीत येते.

आता आपल्या लग्नाकडे पाहावे. आचारी पहाटे चुली पेटवितो. मुहूर्त साडेबाराचा, परंतु वरात रेंगाळते, मग पुढाऱ्यांचे आशीर्वाद सुरू होतात. पहिली पंगत दोनला बसते, शेवटची साडेचारला. आणि या शेवटच्या पंगतीला कोण असते? वाजंत्रीवाले, वाढपी, मांडववाले, भांडी घासणाऱ्या बाया आणि त्यांची मुले. सकाळच्या अन्नातील सर्वांत जुना घास त्यांच्या वाट्याला येतो. आणि आजारी पडल्यास दुसऱ्या दिवसाची मजुरीही बुडते.

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहेत आणि जेवणावळीचा धंदा करणाऱ्याला नोंदणी वा परवाना बंधनकारक आहे. पण हंगामापुरता पळी-झारा हाती घेणाऱ्या खेड्यातील आचाऱ्यापर्यंत निरीक्षक पोहोचणार कधी? त्याची वाट न पाहता यजमानाला करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत आणि स्वस्तही आहेत. बासुंदीऐवजी बुंदी किंवा जिलेबी ठेवावी. हाताला जखम असलेल्या माणसाला दुधाच्या पदार्थापासून दूर बसवावे. वरण-भाजीचे पातेले मंद आचेवरच वाफाळते ठेवावे. आणि भात एकदम न रांधता, पहिली पंगत उठू लागली की शेवटच्या पंगतीचे आधण चढवावे.