साखरेचा जमाखर्च

दिवाळीचे चार दिवस म्हणजे घराघरांतून पाकाचा नि तुपाचा वास. करंज्या, शंकरपाळे, अनारसे आणि बेसनाचे लाडू यांची ताटे शेजारीपाजारी फिरू लागली की एखाद्या दारात हमखास ऐकू येते, "आमच्या ह्यांना गोड नको हो, ह्यांना साखर आहे!" आणि लगेच पुढचे वाक्य, "चकल्या मात्र द्या चार, त्या काय, तिखटच!" मधुमेहाविषयी आपल्या घरांतले सारे ज्ञान आणि सारे अज्ञान या दोन वाक्यांत मावते. चकलीच्या भाजणीतल्या तांदळाचीही पोटात गेल्यावर साखरच होते, हे त्या माउलीला कोणी सांगितलेलेच नसते.

हे सांगावयाचे कोणी? डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेर पंधरा माणसे ताटकळत असतात. चार गोष्टी सांगून ते औषध लिहून देतात. उरलेल्या चाळीस गोष्टी सांगावयाच्या त्या परिचारिकेने. अमेरिकेत बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी तर मधुमेह्यांच्या घरी जाऊन शिकविणाऱ्या परिचारिकाच तयार केल्या होत्या. आजही नर्सिंगच्या अभ्यासक्रमात या रोगाला मोठी जागा आहे. रोग समजून घ्यावा, तो वेळेवर ओळखावा आणि जन्मभर सांभाळावा, असे त्या पाठाचे तीन भाग. परीक्षा विद्यार्थिनींची असते हे खरे. पण हा पाठ रोज गिरवावा लागतो तो आपल्या स्वयंपाकघरात. म्हणून तिच्या वहीतली काही पाने आज आपणही चाळू या.

मुंग्या, कुत्रा आणि टोरोंटोचा मुलगा

हा रोग नव्या काळाची देणगी नव्हे. आपल्या जुन्या वैद्यांनी त्याला 'मधुमेह' म्हटले, कारण रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी पाहिले होते. सुश्रुताने तर जन्मतः येणारा आणि अपथ्याने होणारा असे दोन प्रकारही सांगितले. युरोपात १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने लघवीच्या गोडीची नोंद केली आणि ही गोडी साखरेचीच, हे १७७६ साली मॅथ्यू डॉब्सनने दाखविले. पण साखर येते का, हे कोडे सुटेना. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तो त्या कुत्र्याला मधुमेह झाला! चोर कोठे आहे ते कळले. त्याला धरावयास आणखी बत्तीस वर्षे लागली.

तोवर ज्या मुलांना हा रोग होई त्यांची कहाणी वाचवत नाही. औषध एकच, उपासमार. अन्न जवळजवळ तोडून मुलाला काही महिने जगवावयाचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग हा तरुण सर्जन आणि चार्ल्स बेस्ट हा त्याचा विद्यार्थी साहाय्यक, प्रा. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कामास लागले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्यांच्या अर्काचे पहिले इंजेक्शन मिळाले. ते अशुद्ध होते. फारसा गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप या रसायनज्ञाने अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शने सुरू झाली. मुलाची साखर उतरली. हाडांचा सापळा झालेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. शोधकर्त्यांनी इन्शुलिनचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले! १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले.

घरात धान्य नि पोटात भूक

आता बिघाड कोठे होतो ते पाहू. आपण खाल्लेल्या पोळीभाताची साखर होते आणि ती रक्तातून सर्व शरीरभर फिरते. पण पेशींत शिरण्यासाठी तिला दाराची कडी काढणारा कोणी हवा. तो म्हणजे इन्शुलिन. कडी निघाली नाही तर धान्याची गाडी दारात उभी नि घरातली माणसे उपाशी, अशी अवस्था होते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात. साखर जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून वरचेवर लघवी, म्हणून न भागणारी तहान, म्हणून खाऊनही वजन उतरणे.

पहिल्या प्रकारात शरीर स्वतःच इन्शुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा बहुधा मुलांत वा तरुणपणी दिसतो आणि त्यात इन्शुलिनवाचून गत्यंतर नाही. इन्शुलिन तुटले तर एकदोन दिवसांतच उलट्या, पोटदुखी, खोल धापा, श्वासाला पिकल्या फळासारखा वास आणि बेशुद्धी असा क्रम लागतो. तेथे क्षणही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. आजारपणात मूल जेवत नाही म्हणून आपल्याच मनाने इन्शुलिन बंद करणे, ही घरच्यांच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू ते कमीही पडू लागते. आपल्याकडे बहुसंख्य रोगी या प्रकारचे. तिसरा प्रकार गरोदरपणातला. तो बहुधा बाळंतपणानंतर जातो; पण त्या आईला पुढे दुसऱ्या प्रकारचा धोका राहतो, तेव्हा बारशाच्या गडबडीत तिची फेरतपासणी विसरू नये.

"मी कुठे लठ्ठ आहे?" असे म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले नि आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातील चरबी मोजली तर इंग्रजाची ९ टक्के आणि पुणेकराची २१ टक्के! वरून सडपातळ नि आतून मेदयुक्त, ही आपली ठेवण. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी केलेल्या पाहणीत नवजात अर्भकांतही तीच दिसली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आणि साडेतेरा कोटी माणसे उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला, तो यामुळे नवल वाटण्याजोगा नाही.

ओळखावा कसा?

पूर्वी लघवीच्या तपासणीवर भिस्त असे. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळले की साखरेच्या प्रमाणात हिरवा, पिवळा, नारिंगी नि शेवटी विटकरी रंग येई. पण वर सांगितलेला १८० चा आकडा ध्यानात घ्या. लघवीत साखर नाही म्हणजे रक्तात वाढलेली नाही, असे मुळीच नव्हे. म्हणून निदान रक्तावरच करावयाचे.

आठ तासांच्या उपासानंतर रक्तातील साखर १०० च्या आत हवी. १२६ वा अधिक म्हणजे मधुमेह. मधली ती उंबरठ्याची. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० च्या आत हवी. २०० वा अधिक म्हणजे मधुमेह. 'एचबीए१सी' ही तपासणी मागच्या दोनतीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते. तेथे साडेसहा टक्के ही सीमा. लक्षणे नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारू नये, तपासणी पुन्हा करावी, असेही परिचारिकेच्या वहीत लिहिलेले असते. तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून चांगला आकडा मिळविणारे महाभाग आहेत. या तिसऱ्या तपासणीपुढे त्यांची मात्रा चालत नाही.

घरी यंत्रावर साखर पाहताना आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटाला लाडवाचा चुरा लागलेला असेल तर यंत्र लाडवाचीच साखर सांगेल! सुई बोटाच्या टोकाला नव्हे तर कडेला टोचावी, दुखते कमी.

चाळीस की शंभर?

इन्शुलिनच्या बाबतीत वाचकांनी एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी. आपल्या देशात मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या कुप्या मिळतात आणि १०० युनिटचेही इन्शुलिन मिळते. प्रत्येकाची सिरिंज निराळी, ४० ची लाल टोपणाची नि १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत औषध भरले तर वीस नव्हे, पन्नास युनिट पोटात जातात. उलट केले तर वीसऐवजी आठच. पहिल्या चुकीने माणूस बेशुद्ध पडतो, दुसरीने साखर चढत राहते आणि कारण कळत नाही. तेव्हा औषध आणावयास धाकटा मुलगा दुकानात गेला तरी कुपी नि सिरिंज यांवरचा आकडा घरात एका शहाण्या माणसाने ताडून पाहावा.

टोचण्याची जागा रोज थोडी बदलावी. एकाच ठिकाणी टोचत राहिल्याने तेथे गाठी येतात आणि औषध नीट शोषले जात नाही. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्शुलिन फेकूनच द्यावे.

रागावलेले आजोबा

साखर वाढण्याची भीती सर्वांना असते. ती एकाएकी उतरण्याची कोणाला नसते. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेतल्या आणि जेवण लांबले की रक्तातील साखर ७० च्या खाली घसरते. हातपाय कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते, भूक खवळते. आणि माणूस विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो. दुपारी एक वाजता आजोबा ताटावरून भांडू लागले तर "म्हातारपण हो!" म्हणून हसण्याआधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहा. गार घाम लागला तर साखर मोजा; यंत्र जवळ नसेल तर वाट पाहू नका. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा ७० च्या वर गेला नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटताच काही खावयास द्या. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. एका कुशीवर वळवून तडक रुग्णालयात न्या.

दिवाळीत हा धोका वाढतो. पहाटे उठणे, अभ्यंगस्नान, फराळाला पाहुणे, नि जेवणाला दोन वाजतात. औषध मात्र नेहमीच्या वेळी घेतलेले असते. म्हणून मधुमेह्याचे पान वेळेवर वाढावे, पंगत थांबली तरी चालेल.

पाय, पान आणि पथ्य

वर्षानुवर्षे वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांना हळूहळू पोखरते. हृदयालाही सोडत नाही. साखर काबूत ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी पुष्कळ टळते, हे अमेरिकेत १९९३ साली नि ब्रिटनमध्ये १९९८ साली मोठ्या प्रयोगांनी सिद्ध झाले. नसा बधिर झाल्या की पायाला चटका कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही. अभ्यंगस्नानाचे कढत पाणी मधुमेह्याने पायावर घेण्यापूर्वी कोपराने पाहावे, किंवा दुसऱ्याला पाहू द्यावे. फटाक्यांच्या अंगणात अनवाणी जाऊ नये. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, कुरूप ब्लेडने कापू नये. पाय बघावयास दोन मिनिटे लागतात. न बघितल्याने पाय कापावा लागलेली माणसे रुग्णालयातील प्रत्येक परिचारिकेने पाहिलेली असतात.

जेवणाच्या बाबतीत 'हे बंद, ते बंद' असा धाक घालून काही साधत नाही. माणूस चोरून खाऊ लागतो. अर्धे ताट भाज्या नि कोशिंबिरी, पाव ताट उसळ किंवा वरण, उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी वा भात, हा हिशेब सोपा. एकादशीची साबुदाण्याची खिचडी उपासाला चालली तरी मधुमेहाला चालत नाही. गुळाने होते ते मधाने होत नाही, हाही भ्रमच. आणि एखादी करंजी खावीशी वाटली तर ती जेवणात धरून, त्या वेळची पोळी कमी करून खावी; नंतर अर्धा तास चालून यावे. ज्यांचे वजन अधिक आहे नि रोग नवा आहे, अशा काहींची साखर वजन पुष्कळ उतरविल्याने औषधाविनाही ताळ्यावर येते. पण तेथेही तपासणी सुटत नाही, आणि औषध बंद करावयाचे ते डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी नव्हे.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे हा रोग लपविला जातो, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असली म्हणजे. कॉलेजात शिकणारी मुलगी मैत्रिणींना कळेल म्हणून दुपारचे इन्शुलिन टाळते, नि घरची माणसे तिला तसेच करावयास शिकवितात! इन्शुलिन घेऊन माणसे शिकतात, नोकऱ्या करतात, योग्य देखरेखीखाली सुखरूप बाळंतही होतात. लपविलेल्या साखरेने मात्र कोणाचे भले झालेले नाही.

१४ नोव्हेंबर हा बँटिंगचा जन्मदिवस; तोच जागतिक मधुमेहदिन म्हणून पाळला जातो, आणि तो नेहमीच दिवाळीच्या मागेपुढे येतो. ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे त्या भावाबहिणींनी यंदा भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर एकमेकांना एवढेच विचारावे, "शेवटची साखर कधी तपासलीस?" उत्तर आठवत नसेल तर सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी, चहा घेण्यापूर्वी, दोघांनी मिळून रक्त द्यावयास जावे.