पाळीत बसणारा अभ्यासक्रम

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यात काम करून शिकणाऱ्या मुलाची खरी अडचण असते वेळेची. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा एका क्रेडिटमागे ३० तास धरतो. त्यात वर्ग, प्रात्यक्षिक, घरचा अभ्यास, परीक्षा सगळे आले. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. पंधरा आठवड्यांत रोज तासाभराहून जास्त. असे तीन विषय एकदम दिले, तर रात्रपाळी करणाऱ्याचे तास झोपेतूनच जातात. मग तो नापास झाला की त्याला आळशी म्हणायचे, हा मला सरळ अन्याय वाटतो.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली अशाच, रोज वर्गात येऊ न शकणाऱ्यांसाठी निघाले. स्वतः वाचून समजेल असे पुस्तक, छोटे घटक, प्रत्येक घटकाच्या शेवटी स्वतःला तपासायचे प्रश्न: पाठ दोन पाळ्यांच्या मधे संपतो आणि कुठे अडले ते लगेच कळते. सगळा भार वर्षअखेरच्या एका परीक्षेवर टाकला, तर ते कळेपर्यंत उशीर होतो.

सोलापुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अनेक विणकर घरांत तेलुगू बोलतात. त्यांच्यासाठी मराठी पाठातली वाक्ये सुटसुटीत हवीत. आणि परीक्षेचे वेळापत्रक तर सगळ्यांच्याच हातात पाळ्या लागण्याआधी हवे.