दगडफूल आणि सलीम अलींचे वटवाघूळ

दुधनीच्या किराणा दुकानात काळ्या तिखटाचे साहित्य मागितले की धने, खोबरे, तमालपत्राबरोबर दगडफुलाची पुडीही मिळते. चुरगळलेल्या करड्या कागदासारखी दिसणारी ही वस्तू फूल नव्हे. शास्त्रीय मराठीत तिला शैवाक म्हणतात. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार असतो. बुरशी आसरा व ओलावा पुरवते, शैवाल उन्हावर अन्न तयार करते. नावात दगड असला तरी बाजारातला बराचसा माल डोंगरी जंगलांतल्या झाडांच्या सालींवरून खरवडून आलेला असतो.

या शैवाकाची तुलना वटवाघळाशी का करावी, याचे उत्तर मुंबईतल्या एका संग्रहात मिळते. १९४८ साली अँगस हटन यांनी तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगरात एक फलाहारी वटवाघूळ मिळवले. ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’च्या संग्रहात ते एका सर्वसामान्य जातीच्या नावाखाली पडून राहिले. पुढे थायलंडचे संशोधक कित्ती थोंगलोंग्या यांनी ते बारकाईने तपासले. दात वेगळे होते, बाहेर दिसणारी शेपटी नव्हती. १९७२ साली त्यांनी ही केवळ नवी जाती नसून स्वतंत्र प्रजाती असल्याचे दाखवले आणि तिला डॉ. सलीम अलींचे नाव दिले. चुकीच्या नावाखाली चोवीस वर्षे गेली होती.

नाव मिळाल्याचा परिणाम मोठा झाला. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना उपद्रवी ठरवले होते. वड-उंबराच्या बिया दूरवर पेरणारा हा प्राणी उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत बसवला गेला. सलीम अलींच्या वटवाघळाला मात्र पुढे पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले.

शैवाकाचे नशीब वेगळे. १९९१ साली या कायद्यात संरक्षित वनस्पतींची यादी आली. तिच्यात सहा नावे होती, शैवाक एकही नव्हते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला माखिजा यांच्यासारख्या अभ्यासकांनी शैवाकांच्या जाती वेगळ्या करण्यात आयुष्य घातले. पण बाजारात अनेक जाती ‘दगडफूल’ या एकाच नावाने, वजनावर विकल्या जातात. शैवाकाची वाढ वर्षाला काही मिलिमीटरच. एकदा खरवडलेली साल पुन्हा भरायला वर्षे लागतात.

दोघांतला खरा फरक इथे आहे. वटवाघूळ चुकीच्या नावाने का होईना, जपून ठेवले गेले. म्हणून चूक सुधारता आली. दगडफुलाच्या पुडीत एखादी दुर्मीळ जाती असेल, तर ती ओळखण्याआधीच तव्यावर भाजली जाते. दुर्मीळ गोष्ट हरवायला ती दूरच्या जंगलातच असावी लागते असे नाही. सामान्य नावाखाली ती आपल्या स्वयंपाकघरातही हरवू शकते.