विंचूदंश : ठणक्यापलीकडचे निदान

विंचू चावला की घरचे आधी विचारतात, ‘ठणका किती?’ कोकणातल्या लाल विंचवाच्या बाबतीत हा प्रश्नच फसवा आहे. दंशाची जागा फारशी दुखत नसते. पण उलटी होते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात. तेव्हा हृदय संकटात आहे, असे समजावे.

सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणे टिपली. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने ती छापली. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. हे उमगल्यावर बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली. ती आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. गोळी वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यू विरळ झाले. जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे २०११ साली त्यांच्याच अभ्यासाने दाखवले.

म्हणून मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. हातपाय गार लागले, तर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. लहान मूल असेल, तर लक्षणांचीही वाट पाहू नये.