दोन लाखांची लेन्स : घ्यावी की न घ्यावी?

लग्नसराई आटोपली आणि हाती चार पैसे आले की आपल्या शहरातील फोटोग्राफर मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. या वर्षी महागडी 'फास्ट' लेन्स घ्यावी काय? गेल्या महिन्यात रोशन गेट भागातील एक तरुण हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे आला. वडिलांचा जुना स्टुडिओ तो चालवतो. वर्षाला वीस-पंचवीस लग्ने आणि अधूनमधून अजिंठा-वेरूळला येणाऱ्या पाहुण्यांचे काम, एवढा त्याचा व्यवसाय. दोन हंगामांची शिल्लक एकाच काचेत घालावी की नाही, याचा निर्णय त्याला करायचा होता. ही शिल्लक एकट्याची नव्हती, घरच्या सर्वांची होती. त्याच्याबरोबर बसून आम्ही जो हिशेब केला, तो इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

'फास्ट' म्हणजे काय?

ज्या लेन्समध्ये झूम नसतो, जिचे फोकल अंतर ठरलेले असते, ती प्राइम लेन्स. ५० मिलिमीटरची प्राइम लेन्स सर्वांच्या परिचयाची आहे. लेन्सवर लिहिलेला एफ आकडा म्हणजे फोकल अंतराला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राच्या, व्यासाने भागून आलेली संख्या. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ १.८ लिहिले असेल तर छिद्राचा व्यास सुमारे २८ मिलिमीटर, आणि एफ १.२ असेल तर सुमारे ४२ मिलिमीटर. आकडा लहान तितके छिद्र मोठे आणि उजेड जास्त. उजेड जास्त असला की शटर झटपट उघडून मिटवता येते, म्हणून अशी लेन्स 'फास्ट'.

आता भाव पाहा. नामांकित कंपन्यांची ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स साधारण पंधरा-वीस हजारांत मिळते. त्याच कंपन्यांची एफ १.२ लेन्स दोन लाखांच्या घरात जाते. वजनातही असाच फरक आहे. कॅननची आरएफ ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स १६० ग्रॅमची, तर एफ १.२ ची ९५० ग्रॅमची. निकॉनची झेड मालिकेतील एफ १.२ लेन्स तर एक किलोहून अधिक भरते. रात्री एकपर्यंत मंगल कार्यालयात उभे राहणाऱ्याच्या मनगटाला हा फरक चांगलाच कळतो.

पैसे दहापट, उजेड किती पट?

दहापट पैसे मोजल्यावर उजेड दहापट मिळतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात १.८ ला १.२ ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग करा, उत्तर येते २.२५. म्हणजे उजेड सव्वादोन पट मिळतो. फोटोग्राफरच्या भाषेत हा फायदा एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त होतो.

याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडा. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी किट लेन्स ५० मिलिमीटरच्या आसपास बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. तेथून एफ १.८ वर आलात तर उजेड सुमारे पावणेदहा पट होतो, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक. ही मोठी उडी पंधरा-वीस हजारांत होते. पुढच्या छोट्या उडीसाठी मात्र आणखी पावणेदोन-दोन लाख लागतात. ज्याच्याकडे अजून एफ १.८ चीही लेन्स नाही त्याने दोन लाखांचा विचार आजच करू नये, हे यावरून उघड आहे.

तो सव्वादोन पटींचा फरक आजच्या कॅमेऱ्यांत आयएसओ वाढवूनही बराचसा भरून निघतो. एफ १.२ वर जे काम आयएसओ २८०० मध्ये होते, ते एफ १.८ वर ६४०० च्या आसपास होते. फिल्मच्या काळात हा फरक फार मोठा होता. कारण फिल्म एकदा भरली की तिची गती ठरलेली, आणि गतिमान फिल्मचे दाणे डोळ्यांत खुपत. आता सेन्सर सुधारले आहेत आणि दाणे कमी करणारी सॉफ्टवेअरही हाताशी आहेत. त्यामुळे फास्ट लेन्सची गरज संपलेली नाही, पण पूर्वीइतकी निकडीचीही राहिलेली नाही.

उजेडाबरोबर येणारी अडचण

छिद्र जितके मोठे, तितकी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली कमी. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून दोन मीटरवरील माणसाचा फोटो घेतला, तर एफ १.२ वर सुमारे ११ सेंटिमीटर जाडीचा पट्टाच स्पष्ट येतो. एफ १.८ वर तो सुमारे १७ सेंटिमीटर आणि एफ ४ वर ३७ सेंटिमीटर होतो. एक मीटरवर गेलात तर एफ १.२ वर जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर उरतात. नवऱ्या मुलाने मान किंचित वळवली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर!

वलीम्याच्या स्टेजवर घरची दहा-बारा माणसे दोन रांगांत उभी असतात. तेथे एफ १.२ चा काहीच उपयोग नाही. सर्वांचे चेहरे स्पष्ट यायचे तर एफ ४ किंवा ५.६ वरच यावे लागते, आणि त्या आकड्यावर वीस हजारांची आणि दोन लाखांची लेन्स यांतला फरक ग्राहकाला अल्बममध्ये ओळखता येणार नाही. लग्नाच्या अल्बममध्ये अशा गटफोटोंचाच भरणा असतो, हे विसरून चालणार नाही.

या बाबतीत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. चंद्राची छायाचित्रे घेण्यासाठी अमेरिकेच्या 'नासा' संस्थेकरिता झाइस कंपनीने ५० मिलिमीटर एफ ०.७ अशी अजब लेन्स बनवली होती. स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाने ती मिळवून १९७५ च्या 'बॅरी लिंडन' चित्रपटातील काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. चित्रे अप्रतिम आली, पण फोकस इतका निसटता होता की नटांना जागेवरून फारसे हलता येत नसे. लग्नघरात आपण कोणाला असे बसवून ठेवणार?

अजिंठ्याचा धडा

'पण अजिंठ्याचे काय? तेथे तर अंधारच अंधार!' असे त्या तरुणाने विचारले. प्रश्न रास्त होता. आपल्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवरील या लेण्यांत १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या गुंफांतील भित्तिचित्रे पाहायला जग येते. चित्रांच्या रक्षणासाठी तेथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणजे हातात धरलेला कॅमेरा आणि गुंफेतला मंद उजेड, एवढेच आपल्या हाती राहते.

समजा, एफ ४ वर शटर १/१५ सेकंद येत आहे. हात हलून चित्र पुसट होणारच. एफ १.८ वर तेच शटर सुमारे १/७५ होईल आणि एफ १.२ वर सुमारे १/१६५. पण भिंतीवरील चित्र काही हलत नाही! हलतो तो आपला हात. आजच्या अनेक कॅमेऱ्यांच्या बॉडीतच हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असते. ती तीन-चार स्टॉपचा आधार सहज देते, म्हणजे १/८ सेकंदालाही चित्र स्थिर येऊ शकते. सबब, स्थिर वस्तूसाठी चांगली बॉडी आणि एफ १.८ ची लेन्स पुरेशी आहे. ही यंत्रणा माणसाचे हलणे मात्र थांबवू शकत नाही. अंधारात हलणारा माणूस टिपायचा असेल तरच मोठ्या छिद्राला पर्याय कमी उरतात.

अजिंठ्याच्या छायाचित्रणाचा इतिहासही हेच सांगतो. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी येथील चित्रांच्या नकला केल्या आणि पुढे कॅमेराही हाती घेतला. लेण्यांवरील त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघाले. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी छायाचित्रांवर आधारलेला 'अजंठा' हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकात बिनॉय बहल यांनी गुंफांतील अतिशय मंद उजेडात, दीर्घ एक्स्पोजर देऊन ही चित्रे रंगीत फिल्मवर आणली. त्यांचे पुस्तक १९९८ चे. अंधारावर केवळ मोठ्या छिद्रानेच मात करता येते असे नाही. स्थिर कॅमेरा, अभ्यास आणि सबुरी यांनीही ती करता येते.

बीबी का मकबऱ्याची अडचण नेमकी उलटी. भर दुपारी त्या पांढऱ्या घुमटासमोर एफ १.२ वर फोटो घ्यायचा तर शटर १/१७,००० च्या पुढे न्यावे लागेल. साधे यांत्रिक शटर १/८००० वर थांबते. म्हणजे उजेड रोखण्यासाठी गडद फिल्टर घ्या, आणि मोठ्या लेन्सचा फिल्टरही महाग! उजेड वाढवायला लाखो द्यायचे आणि तो अडवायला पुन्हा हजारो, असा हा प्रकार होतो.

मग घ्यावी कोणी?

महागडी लेन्स म्हणजे नुसता दिखावा, असे आम्ही म्हणणार नाही. पूर्ण उघड्या छिद्रावरही ती कडेपर्यंत स्वच्छ चित्र देते, तिचा फोकस खात्रीचा असतो, धूळ-पाण्यापासून बचाव असतो, आणि चेहऱ्यामागील दिवे ज्या मऊपणे विरघळतात ते स्वस्त लेन्सला तितकेसे साधत नाही. जो प्रामुख्याने एकेका व्यक्तीचे पोर्ट्रेट करतो, ज्याला फ्लॅशशिवाय काम करण्याची अट असते आणि ज्याचे ग्राहक त्या विशिष्ट छटेसाठी वेगळे पैसे देतात, त्याच्यासाठी ती कमाईचे हत्यार आहे. महिलांच्या दालनात काम करणाऱ्या एका भगिनीने आम्हाला सांगितले की, फ्लॅश उडाला की बायका अवघडून जातात. फ्लॅश नसला की मोकळेपणाने हसतात. अशा ठिकाणी फास्ट लेन्सचे मोल खरेच आहे. मात्र तेथेही सुरुवात एफ १.८ नेच करावी.

हिशेबाची वही

आता व्यवहाराकडे येऊ. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरले आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालावेत. लेन्स दोन लाखांना घेतली आणि चार वर्षांनी एक लाख दहा हजारांना विकली, असे धरा. झीज नव्वद हजार, म्हणजे वर्षाला साडेबावीस हजार. वर्षाला तीस लग्ने असतील तर प्रत्येक लग्नावर साडेसातशे रुपये बोजा पडला. दहाच असतील तर सव्वादोन हजार. एवढी रक्कम ग्राहक वाढवून देईल काय? देणार नसेल, तर ती आपल्या नफ्यातून जाणार.

भाड्याची लेन्स दिवसाला दीड हजाराने मिळते असे धरले, तर पंधरा दिवसांचे भाडे म्हणजे वर्षाची झीज. वर्षातून पंधरा दिवसांपेक्षा कमी गरज असेल तर भाड्याने आणणेच शहाणपणाचे.

हप्त्यांबद्दलही दोन शब्द. 'बिनव्याजी हप्ते' या पाटीला भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज कधी किमतीत मिसळलेले असते, कधी रोखीची सूट नाकारून वसूल होते, तर कधी प्रक्रिया शुल्काच्या रूपाने येते. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावर जीएसटीही लागतो. व्याजापासून दूर राहणाऱ्यांनी रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी मांडून पाहावी, म्हणजे सत्य समोर येते.

जुनी लेन्स घ्यायची असेल तर टॉर्चचा उजेड आरपार टाकून आतील काच तपासावी. पावसाळी दमटपणाने बुरशी धरलेली असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. असा माल स्वस्तातही घेऊ नये. नवी घेताना पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी यांचा आग्रह धरावा.

निर्णय

त्या तरुणाला आम्ही एकच काम सांगितले. गेल्या वर्षीचे फोटो संगणकावर उघड आणि वाया गेलेले वेगळे काढ. प्रत्येक फोटोबरोबर एफ आकडा, शटर आणि आयएसओ यांची नोंद असतेच. त्यांतील किती फोटो केवळ एफ १.८ अपुरे पडले म्हणून बिघडले, ते मोज.

आठवड्याने तो परत आला. बिघडलेल्या फोटोंपैकी बहुतेक एकतर फोकस चुकल्याने गेले होते, किंवा फ्लॅश थेट तोंडावर मारल्याने. लेन्सच्या अंधारामुळे गेलेले बोटांवर मोजण्याइतके. तरी मनाची खात्री व्हावी म्हणून त्याने एका वलीम्यासाठी एफ १.२ लेन्स भाड्याने आणली. चार-दोन फोटो असे आले की पाहतच राहावे. अनेकांत मात्र नवऱ्याचा कान स्पष्ट आणि डोळे धूसर. शेवटी त्याने एक चांगला फ्लॅश आणि त्याला लावायची मोठी छत्री घेतली. एफ १.८ ची लेन्स होतीच. उरलेली रक्कम घरात राहिली.

पुढे कधी असा ग्राहक आला की जो त्या चार-दोन फोटोंसाठीच येतो, तेव्हा तो ती लेन्स जरूर घेईल, आणि त्या दिवशी तिची किंमत ग्राहक भरेल. धंद्यातील हत्यार केव्हा घ्यावे, याची आमच्या मते हीच कसोटी आहे. काम आधी यावे, हत्यार मागून. हत्यार आधी घेऊन कामाची वाट पाहत बसणाऱ्यांची दुकाने आपण याच शहरात पाहिली आहेत.