पऱ्हाटीच्या मुळातला नाकेदार

कापसाविषयी काही लिहावे अशी संपादकमहाशयांची सूचना आली तेव्हा, बाजारभाव आणि बोंडअळी या दोन विषयांचा पुष्कळांनी आधीच फडशा पाडलेला असल्यामुळे, उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या काळ्या, चिकण शिवाराकडे मी वळलो ते एका यंत्रासाठी. मात्र हे यंत्र जिनिंगच्या कारखान्यात नसून खुद्द पऱ्हाटीच्या अंगात आहे.

कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी होय. फूल उमलते त्या सुमारास ती वर डोकावते आणि पुढल्या दोनतीन आठवड्यांत, केसाहूनही बारीक राहून, इंचभर लांब होते. हे घडते पाण्याच्या दाबाने. पेशी आपल्या पोटात साखर, पोटॅशियम आणि मॅलिक आम्लाचे क्षार साठविते, शेजारच्या पेशींकडे जाणारे सूक्ष्म मार्ग काही दिवस बंद करून घेते, आणि परासरणाच्या नियमाने आत शिरणारे पाणी तिला ताणीत नेते. ज्या धाग्यावर या जिल्ह्याचा संसार चालतो तो मुळात पाण्याने ओढलेला आहे, याचे मला तरी अद्याप नवल वाटते.

आता पेशीचे पटल पडले स्निग्ध; त्यातून पाणी थोडेबहुत झिरपते खरे, परंतु तांबड्या रक्तपेशींतून ते ज्या वेगाने जाते त्याचा हिशेब निव्वळ झिरपण्याने लागत नव्हता. अमेरिकेतील पीटर ॲग्री हे रक्तगटाच्या एका प्रथिनामागे लागले असता भलतेच प्रथिन त्यांच्या हाती आले. १९९२ साली त्याचा आरएनए बेडकाच्या अंड्यांत घालून ती सौम्य द्रावणात सोडताच काही मिनिटांत फुगून फुटली, आणि २००३ साली ॲग्री रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. ॲक्वापोरिन नावाचे हे प्रथिन म्हणजे पटलावरचा नाकेदारच: पाण्याचे रेणू एकामागून एक, सेकंदाला अब्जावधी, असे सोडील, पण हायड्रोजनच्या आयनाला मात्र सक्त मज्जाव.

परंतु पऱ्हाटीच्या मुळांतही बसलेला हाच नाकेदार कधी नाके बंदही करतो, आणि खरी चिंता तेथे आहे. त्याच २००३ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले की, मुळांना हवा मिळेनाशी झाली म्हणजे पेशीतील रस आम्ल होतो आणि ही द्वारे मिटतात. उघडीप लांबावी, पऱ्हाटी बोंडांनी लगडलेली असावी, आणि मग एकाएकी धो धो पाऊस होऊन काळ्या जमिनीत पाणी तुंबावे, की पाण्यात उभे असलेले झाड तहानेल्यासारखे मान टाकते. यालाच आकस्मिक मर म्हणतात. तिला इतरही कारणे आहेत, पण मुळांची ही कोंडी त्यांतले एक असावे असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. बुरशीची मर निराळी. येथे रोगजंतू कोणी नाही, म्हणून बुरशीनाशकाच्या डब्यावर केलेला खर्च बहुधा व्यर्थ जातो.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सुचविलेला उपाय कागदावर सोपा आहे: शंभर लिटर पाण्यात १ ग्रॅम कोबाल्ट क्लोराईड घालून, लक्षणे दिसताच काही तासांत फवारावे. पण भर पावसात, गुडघाभर चिखलात, ते औषध मिळवून वावरात पोचायचे कोणी आणि केव्हा? उरतो तो चर खणून पाणी काढून देण्याचा जुना बंदोबस्त. तो चांगला; फक्त सपाट शिवारात ते पाणी उतरते खालच्या शेजाऱ्याच्या वावरात, आणि त्याचीही पऱ्हाटी त्याच दुपारी सुकत असते.